विझल्यावरची दोन मिनिटे

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. जुना म्हणजे नक्की किती, ते माझ्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेले होते. ती पट्टी कोणीतरी नखाने खरवडून काढली, त्यामुळे वयाचा वाद मिटला. वजन सात किलो. उजव्या बाजूचा एक स्क्रू नाही. स्वभाव तापट, पण त्यात माझा दोष नाही. माझ्या पोटातल्या दिव्याजवळ हात नेलात तर तुम्हीही ओरडाल. मित्रांनो, ही गोष्ट त्या दिव्याची आणि त्याला गार करणाऱ्या पंख्याची आहे. मधे एक मुलगी येते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे मला कोणा एकाने बनवले नाही. एकीने भिंग बसवले, दुसऱ्याने पंखा, तिसरीने झाकण. सर्वांत शेवटी बसलेल्या माणसाने मला चालू केले, समोरच्या भिंतीवर निळा चौकोन पडला, "ठीक आहे" म्हणून त्याने मला बंद केले. पण तो लगेच उठला नाही. मला बंद केले की दिवा विझतो, पंखा मात्र आणखी दोन मिनिटे फिरत राहतो. दिवा गार व्हायला तेवढा वेळ लागतोच. तो माणूस तेवढा वेळ माझ्यावर हात ठेवून बसला होता. मग त्याने मला खोक्यात भरले. त्याचा चेहरा आता आठवत नाही, हात आठवतो.

खोके उघडले ते थेट विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. उघडणारे गृहस्थ तिथले प्रयोगशाळा सहायक. सगळे विद्यापीठ त्यांना काका म्हणते. माझे माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मला आयुष्यात हा एकच भेटला. त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो माझ्या डोक्यावर चिकटवला: 'विझवल्यावर दोन मिनिटे पंखा चालू ठेवा. भिंतीवरचे बटण बंद करू नये.' प्राध्यापक मंडळी तो कागद लक्षपूर्वक वाचत आणि भिंतीवरचे बटण बंद करत. मग काका धावत येऊन ते पुन्हा लावत.

ते माझे बरे दिवस होते. मी नकाशे दाखवले, आलेख दाखवले, चंद्रावरचे खड्डे दाखवले. खड्डे पाहून पहिल्या वर्षाची मुले एकदम "ओहो" म्हणायची. माझ्यासाठी दोन विभागांत चांगली जुंपायची. पुढे प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठे टीव्ही लागले आणि माझी रवानगी कपाटात झाली. अंगावर एक फाटका पडदा टाकला. नऊ वर्षे मी तिथे धूळ खात पडलो होतो. खोटे कशाला बोलू, पहिले वर्षभर मी रोज वाट पाहिली. नंतर सोडून दिली.

एके दिवशी कपाट उघडले आणि एक मुलगी म्हणाली, "काका, हे चालतं?"

"चालायचं," काका म्हणाले. "तुला कशाला हवंय?"

"सिनेमे दाखवायला. कोपऱ्यातली चौदा नंबरची खोली मिळालीय, दर बुधवारी चार वाजता. पण तिथे टीव्ही नाही, आणि द्यायला कार्यालय तयार नाही."

ही मुलगी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात तिचे टोपणनाव 'ट्रेलर'. कोणी कुठल्याही सिनेमाचे नाव काढले की ही आधी त्याचा ट्रेलर कसा होता ते सांगायची. सिनेमाची पाळी यायच्या आत ऐकणारा उठून गेलेला असायचा. चौदा नंबरमध्ये मला टेबलावर मांडले की भिंतीवर चित्र नीट उमटायला जरा वेळ लागे. तेवढ्यात ती काकांना आपले संशोधन ऐकवी.

"दोनशे चौदा ट्रेलर मोजले, काका. त्यातल्या एकशे नव्वदांत पहिला 'धडाम्' चाळीस सेकंदांच्या आत येतो. मग शांतता. मग एक विनोद. मग परत धडाम्. आणि शेवटापर्यंत सगळी गोष्ट सांगून मोकळे! घरी बसावं नाहीतर काय करावं माणसानं?"

"याचा परीक्षेत काही उपयोग?"

"काहीच नाही."

"मग चालू दे."

एकदा ती म्हणाली, "विद्यापीठाचं माहितीपत्रकसुद्धा ट्रेलरच हो. हिरवळीवर हसणारी मुलं. इथे येऊन बघते तर रांगा. प्रवेशाची रांग, ओळखपत्राची रांग, ओळखपत्रावरचं नाव दुरुस्त करायची रांग. पहिलं वर्षभर मी कोणाशी धड बोललेच नाही. वसतिगृहात खोलीतल्या मुलीशी 'दिवा घालवू का' एवढंच. सिनेमाला जायचे ते एकटीच. अंधारात शेजारी कोणी येऊन बसलं की बरं वाटायचं. म्हणून ही खोली हवीय मला."

काकांनी माझे भिंग पुसायला घेतले. ते आधीच स्वच्छ होते.

सुरुवातीला बुधवारी आठ-दहा जण यायचे, मग वीस-पंचवीस. सिनेमा संपला की खाली चहाला जाऊन वाद घालायचे. ट्रेलरला मैत्रिणी मिळाल्या. हिवाळा संपता संपता कार्यालयाच्या अधीक्षक बाई दारात आल्या. शिस्तीच्या बाई. त्यांच्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा उरली नव्हती.

"खोली मी अशीच काढून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढचे तीन बुधवार, दर वेळी चाळीस सह्या दाखवा. दाखवल्यात तर खोली तुमची. नाहीतर गठ्ठ्यांची."

वही दिली आणि गेल्या.

पहिल्या बुधवारी ट्रेलरने एक विनोदी सिनेमा लावला. त्रेचाळीस सह्या झाल्या. दुसऱ्या बुधवारी तिला तिचा सर्वांत आवडता सिनेमा दाखवायचा होता. त्यात एक म्हातारा घड्याळजी असतो. दुकान बंद करायच्या आदल्या दिवशी तो एक भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करत बसतो. दीड तास तो हेच करतो आणि सिनेमा संपतो. असल्या सिनेमाला चाळीस माणसे कुठून आणायची? पोरगी हुशार. आता दोनशे चौदा ट्रेलर मोजलेल्या माणसाने जी चूक करावी, नेमकी तीच तिने केली. तिने त्या सिनेमाचा स्वतः एक ट्रेलर कापला.

सिनेमात घड्याळजी एकदाच धावतो, विसरलेली छत्री गिऱ्हाईकाला द्यायला. ते धावणे तिने घेतले, छत्री काढून टाकली. एक पेला फुटतो, तो घेतला. घड्याळाची टिकटिक घेतली आणि जोरात केली. मग अंधार, त्यावर पांढरी अक्षरे: 'वेळ संपत आली आहे.' मग धडाम्. बरोबर अडतिसाव्या सेकंदाला.

मी तो भिंतीवर टाकून पाहिला तेव्हा मलासुद्धा वाटले, आता काहीतरी फुटणार.

ट्रेलर मोबाइलवरून विद्यापीठभर फिरला. बुधवारी चौदा नंबरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एकशे बारा सह्या! ती नुसती तरंगत होती. सिनेमा सुरू झाला. घड्याळजीने घड्याळ उतरवले. दहा मिनिटे गेली. त्याने झाकण उघडले. वीस मिनिटे गेली. एक बारीक स्क्रू खाली पडला, तो शोधू लागला. मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे, बॉम्ब कधी फुटणार?"

हशा पिकला. कोणी तोंडाने टिकटिक करू लागले. कोणी "फसवलं रे" म्हणून बाक बडवू लागले. पुढे बसलेल्या तिच्या मैत्रिणींनी माना खाली घातल्या. घड्याळजीने छत्री हातात घेऊन धाव घेतली तेव्हा तर शिट्ट्यांनी खोली डोक्यावर घेतली. जो प्रसंग पाहताना ती दर वेळी रडायची, त्याच प्रसंगावर शंभर माणसे खिदळत होती. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने बटण बंद केले. माझे नाही, भिंतीवरचे.

माझा पंखा जागच्या जागी थांबला. दिवा लालबुंद तापलेला, वारा नाही. थोड्या वेळाने माझ्या आत 'टक्' असा आवाज झाला. तो फक्त तिला आणि मला ऐकू आला, कारण बाकी सगळे निघून गेले होते.

काका आले. त्यांनी झाकण उघडले, काचेचे तुकडे पाहिले.

"पंखा चालू ठेवला होतास?"

तिने मान हलवली. नाही. मग ती तिथेच जमिनीवर बसून रडली. काकांनी काचेचे तुकडे गोळा केले. प्रयोगशाळेत जाऊन एक लोकरीची कानटोपी घेऊन आले. कानटोपीत गुंडाळलेला एक नवा दिवा होता. नऊ वर्षे त्यांनी तो जपला होता.

"हा शेवटचा," ते म्हणाले. "कंपनीनं आता बनवणं बंद केलंय. हा गेला की हा गडी गेला."

गडी म्हणजे मी. मला बरे वाटले आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन अधीक्षक बाईंकडे गेली. तिथे काय झाले ते तिने काकांना सांगितले, ते मी ऐकले. ती म्हणाली होती, "कालच्या सह्या धरू नका. ते सगळे सिनेमाला नव्हते आले, बॉम्बला आले होते." बाई म्हणाल्या होत्या, "सह्या म्हणजे सह्या. एकशे बारा आहेत, मी मोजल्यात. पुढच्या बुधवारी चाळीस आणा."

"मग सोपं आहे," काका म्हणाले. "एखादा हाणामारीचा लाव. चाळीस काय, चारशे येतील."

"नाही. तोच लावणार. घड्याळजीचा."

"डोकं फिरलंय का तुझं? खोली जाईल!"

"जाऊ दे. मी त्या म्हाताऱ्याला शंभर लोकांपुढे तोंडघशी पाडलं, काका. त्याचं काम चांगलं होतं, मी ते चोरून भलतंच काहीतरी विकलं. ट्रेलरना इतकी नावं ठेवली आणि स्वतः काय केलं?"

तिने नवा ट्रेलर केला. त्यात एकही काप नव्हता. दोन मिनिटे घड्याळजी जमिनीवर पडलेला स्क्रू शोधतो आणि सापडल्यावर हसतो. खाली अक्षरे: 'यात बॉम्ब नाही. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं, माफ करा. एक म्हातारा आहे आणि तो घड्याळ दुरुस्त करतो. वेळ असेल तर या.' त्यावर मोबाइलवर भरपूर टिंगल झाली म्हणे. मी ती पाहिली नाही, पण तिचा चेहरा पाहिला.

बुधवारी एकतीस जण आले. त्यात ती होती, काका होते, तिच्या मैत्रिणी होत्या. आणि मागच्या वेळी बॉम्ब कधी फुटणार म्हणून ओरडलेला मुलगाही होता, गुपचूप कोपऱ्यात. चार वाजून गेले, सव्वाचार झाले. बत्तिसावे कोणी आले नाही. तिने वही मिटली आणि मला चालू केले.

मित्रांनो, नवा दिवा म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी आठवले. घड्याळजीच्या बोटांवरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. स्क्रू पडला तेव्हा एकतीस माणसे भिंतीवर तो शोधत होती. अधीक्षक बाई वही न्यायला साडेपाचला आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. एक पाऊल आत, एक बाहेर.

सिनेमा संपला. तिने माझे बटण दाबले, दिवा विझला. सवयीने दोन-तीन जण उठू लागले.

"थांबा," ती अंधारात म्हणाली. "पंखा चालू आहे. दोन मिनिटं बसा."

आणि सगळे बसले. कोणी मोबाइल काढला नाही. खोलीत फक्त माझ्या पंख्याची घरघर होती. एवढी वर्षे मी त्या आवाजाबद्दल लोकांची बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी तीस-बत्तीस माणसे तो ऐकत बसली. कोपऱ्यात कोणीतरी नाक ओढले. पंखा थांबला तेव्हा दिवे लावले गेले. अधीक्षक बाईंचे दोन्ही पाय आत होते.

त्यांनी वही उघडली, मोजली. "एकतीस," त्या म्हणाल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "मी उशिरा आले, मला सही करता येणार नाही. आणि केली तरी चाळीस होत नाहीत."

खोली गेली. नियम तो नियम. आता चौदा नंबरमध्ये छतापर्यंत गठ्ठे आहेत.

पण काकांनी प्रयोगशाळेची किल्ली हलवून दाखवली. बुधवारी प्रात्यक्षिके संपली की पाच वाजता मला टेबलावर ठेवतात. तिथे स्टुले फक्त तीस. आणखी कोणाला यायचे तर त्याने आपली सोय बघावी. अधीक्षक बाई कार्यालयातून स्वतःची खुर्ची घेऊन येतात.

ट्रेलर आता इथे नाही. शिक्षण संपले, नोकरी लागली. जायच्या आधीच्या बुधवारी सिनेमा तिनेच लावला, तिनेच विझवला, आणि पंखा थांबेपर्यंत माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. जन्माच्या दिवशीचा तो हात आठवला आणि मला फार भरून आले. काकांचा तो कागद पिवळा पडून गळून गेला होता. त्याच्या जागी तिने आपल्या हाताने लिहून नवा चिकटवला.

माझा हा शेवटचा दिवा. त्याचे किती तास उरले ते काकांना माहीत आहे, मला ते सांगत नाहीत. मित्रांनो, तो जाईल तेव्हा जाईल, त्याची तक्रार नाही. कोणीही, काहीही तुमच्यासाठी तापून जळत असले, तर काम झाल्याबरोबर पाठ फिरवू नका. एवढेच मागणे आहे, आणि ते माझ्या डोक्यावर लिहिलेलेच आहे. प्राध्यापक मंडळी अजूनही ते लक्षपूर्वक वाचतात. हल्ली मात्र वाचून झाल्यावर एखादे स्टूल ओढतात. कारण कागदावर पंख्याचे किंवा बटणाचे नावच नाही. तिथे एवढेच आहे: 'विझल्यावर दोन मिनिटे बसा.'