उत्तर सांगायचं नाही

मी बोलतो. सत्तावीस वर्षं मेडिकल कॉलेजात शिकवतोय आणि सत्तावीस वर्षं बोलतोय. माझं लेक्चर मागच्या बाकावर झोपलेल्यालाही पाठ होतं, अशी माझी ख्याती आहे. निदान मी तरी ती सगळ्यांना सांगत असतो. रोह्याहून रोज सकाळी पेणला येताना एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला मी त्याच्या ढेकरांचं कारण समजावून देतो, त्यानं विचारलेलं नसलं तरी. अशा माणसाला, म्हणजे मला, डॉक्टर हरेश मोकलला, यंदा हुकूम झाला की वर्गात बोलायचं नाही.

हुकूम आणला डॉक्टर नूतननं. ही माझीच जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात शिकवण्याच्या नव्या पद्धती हीच ठरवते.

"सर, यंदापासून पीबीएल, म्हणजे प्रॉब्लेमपासून शिकणं," ती म्हणाली. "आधी लेक्चर नाही, आधी पेशंट. त्याची गोष्ट कागदावर द्यायची, एकेक पान. मुलं प्रश्न काढतील, भांडतील, घरी जाऊन वाचतील, परत येतील. उत्तर त्यांनीच शोधायचं. तुम्ही नुसतं बसायचं."

"आणि चुकली तर?"

"चुकू द्यायचं."

"आणि मला उत्तर माहीत असलं तर?"

"तेव्हा तर अजिबात तोंड उघडायचं नाही, सर."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिनंच उपाय काढला. बोलावंसं वाटलं की भाजलेला पोह्याचा पापड तोंडात टाकायचा. पेणला नोकरी करणाऱ्याला पापडांचा तोटा नाही. पहिल्या तासाला मी सात पापड खाल्ले.

पेशंटचा कागद मात्र मीच लिहिलेला होता, आणि त्यातली पेशंट खरी होती. वनिता, वय त्रेचाळीस, हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला. चार महिने उजवा हात थरथरतो. होळीच्या सुमारास ती माझ्या ओपीडीत आली होती. "हात हलतोय, डॉक्टर," म्हणाली. मी तिला हात पुढे धरायला सांगितला, तो जरासा थरथरला, मी गोळी लिहून दिली. बाहेर अडतीस माणसं थांबली होती. तिला चार मिनिटं मिळाली, आणि मला वर्गासाठी एक झकास पेशंट मिळाला. कंपवाताचे प्रकार शिकवायला याहून सोपी गोष्ट कुठली?

माझ्या गटात आठ मुलं. त्यातला नितेश नागोठण्याचा, वडील कंपनीत शिफ्टला. पान हातात पडल्यापासून अर्ध्या मिनिटात त्यानं अकरा आजार मोजून दाखवले. फळ्यापाशी लिहायला पूजा हिलम उभी होती. रोह्याच्या पलीकडच्या कातकरी वाडीतली ही मुलगी, वाडीतून डॉक्टरकीला आलेली पहिलीच. अक्षर सुरेख, बोलणं मोजकं. ही पद्धत बोलणाऱ्या पोरांची, हिचा काही निभाव लागायचा नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. मी काय काय ठरवून टाकतो, याची यादी करायची तर वेगळी वही लागेल.

फळ्यावर तीन रकाने होते. काय माहीत आहे, काय वाटतंय आणि काय शोधायचंय. दुसरा रकाना नितेशनं एकट्यानं भरला. थायरॉइड, रंगातलं शिसं, मेंदूतली गाठ. मग गाडी हळूहळू माझ्या उत्तराकडे वळायला लागली आणि मी खूश होऊन पापडाचा पुडा बाजूला ठेवला. तेवढ्यात पूजा फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "हात कधी हलतो? म्हणजे, काय करताना?"

नितेशनं पानं उलटीपालटी केली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.

पूजानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं: ही बाई दिवसभर नक्की काय काम करते? मग वळून मला म्हणाली, "सर, त्यांना भेटता येईल? कामाचं सामान घेऊन आल्या तर बरं होईल."

येऊ दे की, मी मनात म्हटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? थरथर डोळ्यांनी बघतील आणि माझं उत्तर आपोआप बाहेर पडेल. मी मान डोलावली आणि शुक्रवारी वनिताबाईंना बोलावून घेतलं.

त्या आल्या त्या कारखान्याच्या टेम्पोतून. कुंचल्यांची पिशवी, रंगाची डबी आणि दोन मूर्ती. एक दोन फुटांची, एक वीतभर, घरगुती. दोन्ही पूर्ण रंगवलेल्या, फक्त डोळे नव्हते.

"डोळं मी काढते," त्या सांगायला लागल्या. "आखणी म्हनतात. अंग रंगवायला, सोवळं रंगवायला कारखान्यात धा जनी हाईत. आखणी वीस वर्सं मी एकटी. पन यंदा बारके गणपती बिघडाया लागले. अकरा नग व्यापाऱ्यानं परत धाडले, तिरळे झाले म्हनून. आमचा मालक केरूशेठ म्हनतो, वनिता, सोमवारपासून तू सोवळं रंगव, आखणीला दुसरी बाई बघतो." बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "हात गेला माजा. डोळं काढायचं गेल्यावर त्या कारखान्यात मी कोन?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चार मिनिटांत यातलं काहीच माझ्या कानावर आलं नव्हतं.

"मावशी, काढून दाखवता?" पूजानं विचारलं.

वनिताबाई आधी मोठ्या मूर्तीपुढे उभ्या राहिल्या. वरची पापणी एका दमात, मग खालची, मग बुबुळ. रेघ अशी की बघत राहावं. "हात कुठे हलला?" नितेश पुटपुटला. मला याचं उत्तर माहीत होतं! मोठी रेघ खांद्यातून येते, थरथर बारीक कामात दिसते. मी दोन पापड एकदम तोंडात कोंबले. वर्गात एवढा आवाज झाला की वनिताबाईंनी दचकून मागे पाहिलं.

मग त्यांनी छोटी मूर्ती डाव्या हातात घेतली. आधी जवळ धरली, मग लांब नेली, आणखी लांब, मान मागे, हात ताठ. उजव्या हातातला कुंचलाही तितकाच लांब गेला आणि त्याचं टोक थरथरायला लागलं. मी भुवया उंचावून सगळ्यांकडे पाहिलं. नितेशनं वहीत कंपवात लिहून खाली दोन रेघा मारल्या. जिंकलो, मी मनात म्हटलं.

पूजानं खडू खाली ठेवला आणि वनिताबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी, आधीपण मूर्ती एवढी लांब धरायचात?"

"नाय गो. आधी मांडीवर घ्यायची, करंगळी सोंडेवर टेकवायची आनि काढायची. हात टेकला की हलत नाय."

"मग आता का टेकवत नाही?"

"जवळ घेतला की देव पुसट होतो गो. लांब धरला की नीट दिसतो, पन मग हात टेकायला जागाच ऱ्हात नाय."

नितेशनं सावकाश आपल्या दोन रेघांवर काट मारली.

"आमची आई ठमी," पूजा म्हणाली, आणि एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होतो, "दोन वर्षांपूर्वी तिच्या भातात खडे यायला लागले. बाबा चिडायचे. आई म्हणायची, रेशनचा तांदूळच खराब आलाय. मग रोह्याला शिबिरात तिला जवळचा चष्मा मिळाला आणि तांदूळ सुधारला."

मुलं खो खो हसली. वनिताबाई सगळ्यांत जास्त हसल्या, आणि मग एकदम थांबून म्हणाल्या, "म्हंजे हात नाय गेला माजा?"

नितेश धावत खालच्या डोळ्यांच्या विभागात गेला आणि तिथल्या सिस्टरनाच भिंगांच्या पेटीसकट वर घेऊन आला. सिस्टरनी जाड लोखंडी फ्रेम वनिताबाईंच्या नाकावर चढवली, एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. वनिताबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "अगो बाई," म्हणाल्या, "नखात केवढा रंग हाय!"

मग त्यांनी छोटा गणपती मांडीवर घेतला. करंगळी सोंडेवर टेकली. आम्ही दहा माणसं श्वास रोखून त्या एका टोकाकडे बघत होतो. पापणी, पापणी, बुबुळ, आणि शेवटी मोहरीएवढा पांढरा ठिपका. त्यांनी मूर्ती आमच्याकडे वळवली. दोन्ही डोळे सरळ आमच्याकडे बघत होते.

"शेकड्यांनी डोळं काढतो आमी," वनिताबाई म्हणाल्या. "रेघ चुकली की जो तो हाताकडं बगतो. आमच्या डोळ्यांचं कुनाच्या मनातच आलं नाय." मला दिव्याखालचा अंधार आठवला, पण तो हमरापूरचा नव्हता, माझा होता. त्यांनी तिथूनच केरूशेठला फोन लावला. "सोमवारी सोवळं दुसरीला द्या," एवढंच सांगितलं आणि ठेवला.

मुलं टाळ्या वाजवत होती. वनिताबाई पिशवी आवरायला लागल्या आणि तिच्या तळातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढली.

"मंग ही घेऊ का नको? ही घेतली की जिना चढताना पाय जड होतात. पन डॉक्टरनं दिली म्हनून घेते आपली."

नितेशनं पट्टीवरचं नाव वाचलं. "ही तर थरथरीची गोळी. डोळे न तपासता, काम न विचारता दिली कुणी?"

बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. मी कागदावर डॉक्टरचं नाव लिहिलं नव्हतं. वनिताबाईंना माहीत होतं, पण त्या माझ्याकडे न बघता पिशवीची गाठ मारत बसल्या. त्या मला सांभाळून घेत होत्या. नूतनचा नियमही माझ्या बाजूचा होता, तोंड उघडायचं नाही. सत्तावीस वर्षांत गप्प राहणं मला इतकं सोपं कधी वाटलं नव्हतं.

"मी दिली," मी म्हणालो. "चार मिनिटांत दिली. त्या हात म्हणाल्या, मी हात धरला आणि पुढचं ऐकलंच नाही. आता जे तुम्ही विचारलंत, ते मी विचारायला हवं होतं. वनिताबाई, माझं चुकलं. गोळी एकदम सोडू नका, आठवडाभर अर्धी घ्या, मग बंद."

नितेशचे कान लाल झाले. पूजा फळा पुसायला वळली, तो आधीच पुसलेला होता. वनिताबाईंनी मात्र पट्टी शांतपणे पिशवीत टाकली आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"असूं दे, डॉक्टर. परत धाडलेल्या अकराच्या अकरा मूर्ती मी डोळं पुसून पुन्हा काढनार हाय. तुमीबी तुमचं पुसून पुन्हा काढा. टेम्पो यायला अजून अर्धा तास हाय."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. "सांगा," म्हटलं, "अगदी पहिल्यापासून."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. कारखान्यातला कोंदट कोपरा, तिथला एकच बल्ब, संध्याकाळी दुखणारं कपाळ, गुडघा, सासूचा दमा. टेम्पोचा भोंगा वाजेपर्यंत त्या बोलत होत्या. मी मधे एकच शब्द बोललो, तोही दोनदा. "मग?"