नर्सबाईंच्या करंज्या

करंजीची मुरड बघून ती कुणाच्या हातची आहे ते मी सांगू शकते. फुशारकी म्हणा हवं तर. माहेरी पोखर्णीला आम्ही सहा जणी एका परातीभोवती बसायचो, आणि तळण निघालं की ही हिची, ही तिची असं ओळखायची पैज लागायची. मी कधी हरले नाही. म्हणूनच सासरी, झरीत, माझ्या हातून जे झालं त्याची लाज मला इतक्या वर्षांनीही वाटते.

मोठा दुष्काळ नुकता सरला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या घरापासून चार पावलांवर सरकारी दवाखाना होता आणि त्याच्या मागच्या खोलीत नर्सबाई राहायच्या. नाव एस्तेरबाई. जालन्याकडच्या, ख्रिस्ती. वय चाळिशीचं, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्यांच्या आज्याचं घर पूर्वी कुठल्या वस्तीत होतं, याचा शोध गावानं आठ दिवसांत लावला होता. अंगात ताप भरला की मात्र सगळे त्यांच्याच दारात. माझी थोरली पायाळू आली. आम्ही दोघीही जातो अशी वेळ होती, एस्तेरबाईंनी ओढून आणलं आम्हाला. त्या दिवशी माझ्या सासूबाई, धुरपताबाई, त्यांच्या पाया पडायला निघाल्या होत्या. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो.

नाताळ आला की नर्सबाई फराळ करायच्या. करंज्या, शंकरपाळे, शेव, अनारसे. पहिल्या वर्षी ऐकलं तेव्हा मला नवल वाटलं. मला वाटायचं ही माणसं सणाला काहीतरी साहेबी खात असतील. तसं बोलूनही दाखवलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या आईनं अन् तुमच्या आईनं एकाच रानातला गहू दळला, कुसुमबाई. दुसरं काय करनार?"

एकट्या बाईला एवढा फराळ कशाला? तर वाटायला. सण एकट्यानं खाता येत नाही असं त्यांचं म्हणणं. रेशनची साखर त्या पावसाळ्यापासून मागं टाकायच्या आणि स्वतः गुळाचा चहा प्यायच्या. नाताळच्या सकाळी, दारावर कागदाची चांदणी लावून झाली की, ताटावर विणलेला रुमाल घालून आमच्याकडं यायच्या. आत्याबाई पुढं होऊन ताट घ्यायच्या. "कशाला तरास घेतलाव बाई," म्हणायच्या. नर्सबाईंची पाठ वळली की रुमालासकट ताट घेऊन गोठ्यात जायच्या आणि रिकामं ताट घेऊन परत यायच्या.

"घातलं म्हशीला," एवढंच सांगायच्या.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोर तिच्या हातनं चालली, करंजी तेवढी चालत नाही, असं मी म्हणायची. मनात. तोंडानं एक अक्षर नाही. चौकटीला टेकून, तोंड वाकडं करून उभी राहायची आणि मग दिवसभर भांडी आदळायची. दोन नाताळ असे गेले. तिसराही तसाच गेला. आत्याबाईंवर चिडायचं आणि आपण त्यातल्या नाही म्हणून बरं वाटून घ्यायचं, हा माझा नाताळ.

तिसऱ्या नाताळला आठवडा होतो न होतो तोच नर्सबाईंची सोनपेठला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मला आठवलं, त्यांचं ताट अजून आमच्याकडंच आहे. कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं पितळी ताट. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. एरवी आम्ही त्यात शेंगा नाहीतर तुरी घालून द्यायचो. त्या सकाळी आत्याबाई मळ्यात गेलेल्या, कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि दहाची एस.टी. यायला तासभर उरलेला. सैपाकघरात पीठ आणि मिठाशिवाय काही नव्हतं.

हुडकता हुडकता आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. तिथं मडक्यांच्या उतरंडीमागं हात घातला तर एक पत्र्याचा डबा लागला. उघडून चाचपलं. करंज्या. माझं डोकंच फिरलं. संक्रांतीला नणंद येणार होती. म्हणजे आत्याबाईंनी मी रानात असताना लेकीसाठी करंज्या केल्या आणि सुनेला वासही लागू दिला नाही. असं त्या पूर्वीही करायच्या. बरं झालं, म्हटलं, आता लेकीनं शेंगा खाव्यात. डब्यात सहा होत्या, सहाच्या सहा ताटात काढल्या, वर नर्सबाईंचाच रुमाल घातला आणि निघाले.

एस्तेरबाईंची खोली मोकळी झाली होती. एक ट्रंक, एक वळकटी. त्यांनी रुमाल उचलला आणि ताटाकडं बघत राहिल्या. मग एक करंजी उचलून तिच्या मुरडीवरून अंगठा फिरवला.

"ह्या कुनी केल्या?"

"आमच्या आत्याबाईंनी. तुमच्यासाठी मुद्दाम," मी ठोकून दिलं.

"त्यांच्या हाताला गुन हाय," त्या म्हणाल्या. करंजी मोडून अर्धी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "खावा."

मी खाल्ली. खुसखुशीत, आत खोबरं-खसखस. "आत्याबाईंच्या हातची चव गावात कुणाला नाही," असं वर म्हणाले. उरलेल्या पाच करंज्या नर्सबाईंनी कागदात घेतल्या आणि पुडीला दोरा गुंडाळायला लागल्या. डाव्या हातानं. बाळंतपणात माझी सुटका करतानाही त्यांचा डावाच हात चालत होता, मला पक्कं आठवत होतं. मी हातातल्या उरलेल्या तुकड्याकडं पाहिलं. मुरड उलटी होती. आम्ही घालतो ती एका अंगाला जाते, ही दुसऱ्या अंगाला गेलेली. अशी मुरड डावऱ्या बाईचीच असते, आणि आमच्या घरात डावरं कुणी नाही.

त्यांची करंजी मी त्यांनाच आणून दिली होती, दुसरीच्या नावानं, आणि त्यांनी मला ती खाऊ घातली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. "बस येईल आता," त्या शांतपणे म्हणाल्या आणि ताट पुसून ट्रंकेत ठेवलं. मी मान खाली घालून घरी आले.

घरी आत्याबाई मळ्यातून परत आलेल्या. रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ह्यातलं कुनी काढलं?"

"मी. नर्सबाईंना दिलं."

"आगं, त्या तिच्याच व्हत्या की."

"कळलं मला ते, पार तोंड काळं झाल्यावर. तुम्ही तर म्हशीला घातलं म्हणाला होता." दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. बाईनं पोटाला चिमटा काढून साखर साठवली, आणि आपण तिच्या तोंडावर गोड बोलून तिचं अन्न दावणीला घालतो, वर उरलेलं दडवून ठेवतो. तिनं माझी पोर वाचवली. तुम्हाला काही वाटतं की नाही?

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दुष्काळातनं उठून म्हशीला साखर कोन घालतंय?"

"मग?"

"मी खात व्हते. गोठ्यात डब्यात वतायचे. तुमी रानात गेलाव की दुपारच्याला रोज एक."

"मागच्या साली?"

"मागच्या साली बी. त्याच्या आदीच्या साली बी."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? तू चौकटीला टेकून तोंड वाकडं करून हुबी ऱ्हायचीस. मला वाटलं सून पोखर्णीची, देवाच्या गावची, लय शिवाशिव पाळती. सासूनं खाल्लं म्हनून माहेरी सांगंल, गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

एका घरात दोघी, एका चुलीवर रोज भाकरी करणाऱ्या, आणि दोघी एकमेकींना भ्यालेल्या. पण आत्याबाईंनी निदान खाल्लं होतं. मुरड ओळखते म्हणून मिरवणारी मी, तीन नाताळांत त्या ताटावरचा रुमाल एकदाही उचलून पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्या सकाळी डबा चाचपताना उलटी मुरड मला अंधारातही कळली असती. म्हशीला घातलं हे ऐकून मला राग यायचा, ते खरं. पण ते ऐकून मी सुटायचीही. मला खावं की नाही ते ठरवावं लागायचं नाही.

"काय म्हनली ती?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमच्या हाताला गुण आहे म्हणाल्या."

आत्याबाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला आणि पायात काही न घालताच बाहेर पडल्या. मी मागं धावले.

एस.टी. येऊन उभी होती. सितारामच्या हाटेलात पाच-सहा माणसं चहा पीत बसलेली, त्यात आमचे भाऊबंदही होते. कंडक्टरनं ट्रंक टपावर चढवली होती आणि नर्सबाई खिडकीशी बसल्या होत्या, पुडी मांडीवर. आत्याबाई खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या. बोलायच्या आधी त्यांनी हाटेलाकडं एकदा पाहिलं. तिथं सगळे आमच्याकडंच बघत होते.

"त्यातली एक दे," आत्याबाई म्हणाल्या आणि हात वर केला.

नर्सबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग दोरा सोडून एक करंजी त्यांनी आत्याबाईंच्या हातावर ठेवली. आत्याबाईंनी ती तिथंच, उभ्या उभ्या, सगळ्यांदेखत खाल्ली. घाई केली नाही. हातावरचा चुरासुद्धा तोंडात टाकला. गाडी सुरू झाली तशी आत्याबाईंनी खिडकीचा गज धरला.

"औंदा जायफळ कमी पडलं बाई," त्या म्हणाल्या. "मागच्या दोन्ही साली बरं व्हतं."