घुमणारा हॉल

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर भोजराजांनी बालाघाटात घर बांधलं, ते हॉलसाठीच म्हणायचं. उंच छत, चकचकीत फरश्या आणि भिंतींना पाठ टेकवून बसलेले सोफे. पाहुणा आला की त्याला आधी हॉल दाखवायचा, मग पाणी द्यायचं, असा त्यांचा शिरस्ता.

पण त्यांच्या बायकोच्या, चारुलताच्या मैत्रिणींना तिथं करमेना. आधीच्या सरकारी क्वार्टरच्या इवल्याशा खोलीत दुपारी जमून दिवेलागणीपर्यंत न हलणाऱ्या बाया इथं चहा पिऊन निघू लागल्या. अनुसया तर नुसती हसून मान डोलवायची. तिला कमी ऐकू येई, कानात मशीन असे. एकदा चप्पल घालता घालता तिने सांगून टाकलं, "चारू, मी आता नाही येत. तुमी हसता अन् मी तोंडं पाहत बसते. इथं मशीनमधी निस्ता गोंगाट होते."

लग्न होऊन गावात आल्यापासूनची मैत्रीण! चारुलताला त्या रात्री जेवण गेलं नाही.

थंडीच्या तोंडावर तिने गाद्या-रजया उन्हात घातल्या. संध्याकाळी त्या आणून हॉलमध्येच टाकल्या, सोफ्यांवर, फरशीवर, जागा मिळेल तिथं. मग नवऱ्याला हाक मारली, "अहो, चहा घेता का?" आणि थबकलीच. हाक आपली वाटेना. तिने टाळी वाजवून पाहिली. एरवी टाळी छतावर आपटून परत यायची. आज ती गाद्यांत बुडून गेली. चारुलता देवळात उभं राहावं तशी हॉलच्या मधोमध उभी राहिली. एवढे दिवस अनुसयाला या खोलीनेच हुसकावलं होतं, आणि खोलीला गप्प करायला लागलं काय, तर घरातला कापूस!

मग बाईंनी पदर खोचला. सोफे व्हरांड्यात गेले. खिडक्यांवर जाड चादरी चढल्या. खाली सतरंज्या, वर गाद्या, लोड, आणि सगळं इतकं जवळ की मांडीला मांडी लागावी.

भोजराज हबकले. "हे काय लगनघर करून राह्यली? लोक काय म्हणतीन?"

"लोकायले नाही, अनुसयाले बलावलं मी."

बोलावून काय येते ती! रविवारी चारुलता स्वतः गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. मैत्रिणींपैकी मंजू आधीच लोडाला टेकली होती. तिने लालबर्रा गावच्या आपल्या व्याह्याचा किस्सा काढला. घरची बात, म्हणून आवाज अगदी खाली आणून सांगत होती. व्याही म्हणे घोरता घोरता स्वतःच्याच घोरण्याने दचकून उठतात आणि विचारतात, "कोन हाय रे?"

सगळ्यांत आधी हसली ती अनुसया. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. चारुलता तिच्याकडे बघतच राहिली. चमत्कार म्हणतात तो आणखी काय असतो? मग ती उठली आणि जुन्या सवयीने ओरडली, "अनुसये, चहा ठेवू का?"

"हौ, ठेव ना. पण ओरडून काहून राह्यली? ऐकू येते मले." अनुसयाने पाय पसरले, रजई गुडघ्यावर ओढली. "अन् मंजू, तू पुढं सांग. मले घरी जायची घाई नाही."