पाच मिनिटांचा लाल उजेड

मी फिल्टर बोलतोय. दोन इंचांची गोल काच, आरशासारखी चकचकीत. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्या मधे मी बसतो. तेजोमेघातल्या, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगातल्या, हायड्रोजनचा एक ठरावीक लाल रंग तेवढा आत सोडायचा आणि रस्त्यावरच्या दिव्यांसकट बाकी सगळ्यांना बाहेरचा रस्ता दाखवायचा, एवढीच माझी नोकरी. कारखान्यात माझ्या अंगावर थरांवर थर चढवले, त्यामुळे स्वभाव जरा हट्टी झाला.

मला घरात आणलं ते एका चष्मेवाल्याच्या बायकोने. त्याला रंगीत कॅमेरा हवा होता. एका फटक्यात सगळे रंग, कटकट नाही. ती छापखान्यात कामाला होती. तिथे चित्राच्या प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी निघते, मग सगळ्या एकावर एक छापतात. त्यामुळे तिचा जीव काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यावर आणि आम्हा सुट्या फिल्टरांवर. शिवाय गच्चीवर शहराचा उजेड केवढा, रंगीत कॅमेऱ्यात तोच भरेल, असं तिचं म्हणणं. आठवडाभर धुसफूस चालली. अहो, गावाला काचा निवडून देता आणि स्वतःला निवडता येत नाही, असं ती म्हणाली तेव्हा तो हसला आणि आम्ही आलो.

दोन हिवाळे दोघांनी एकाच तेजोमेघाचे फोटो घेतले. एकेक फोटो पाच मिनिटांचा. तेवढा वेळ गच्चीवर दिवा आणायचा नाही, हा नियम तिचाच. आणि एकदा तीच डोक्याला लाल दिवा बांधून, त्याला स्वेटर द्यायला वर आली. तो लाल नेमका माझ्याच रंगाचा निघाला. मला अडवता आला नाही. फोटोच्या कोपऱ्यात भला मोठा डाग उमटला.

"एवढंही कळत नाही तुला?" तो खेकसला.

ती काही न बोलता खाली गेली. पुन्हा वर आली नाही. अठराव्या दिवशी दुपारी, छापखान्यातच तिचं हृदय थांबलं. मधल्या दिवसांत दोघं भाजीचं बोलली, गॅसचं बोलली, त्या रात्रीचं काही बोलली नाहीत.

वर्षभराने लेकीने ते चित्र पुरं करायला घेतलं. संगणक दोनशे फोटो एकत्र करतो आणि जे एकाच फोटोत आहे, ते चूक समजून काढून टाकतो. चित्र सुरेख झालं. तो चष्मा पुसून पुसून कोपरा पाहत राहिला.

"ती कुठाय?"

"बाबा, तो डाग होता. गेला."

"डाग नव्हता. तुझी आई होती."

तेव्हापासून तो मला रोज लावतो, आभाळ भरलेलं असलं तरी. कॅमेरा चालू करतो आणि खुर्ची जिन्याच्या दाराकडे वळवून बसतो. पाच मिनिटांनी कोपरा तपासतो, पुन्हा बटण दाबतो. लेकीला वाटतं, बाबा छंदात रमले.

मला भीती वाटते. परवा एका फोटोच्या कोपऱ्यात पुसट काहीतरी उमटलं. माझ्यातून काय जातं ते मला ठाऊक असतं. ते माझ्यातून गेलं नव्हतं.

तो उठला, जिन्यापाशी गेला आणि खालच्या अंधाराला म्हणाला, "चुकलं माझं. वर ये."

तुमच्याकडचं कुणी असं न बोलता खाली गेलं असेल, तर फोटो राहू द्या. आधी जिना उतरा.