मिस्त्रींचा अंगठा

"हनुवटी टेका काका, कपाळ पट्टीला लावा. श्वास रोखू नका."

श्वास रोखू नका म्हटले की मिस्त्रींचा श्वास हटकून अडे. थेंबांनी बधिर झालेल्या उजव्या डोळ्याकडे निळा उजेड सरकत आला, टेकला, मागे गेला. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि पुन्हा मोजला.

डावा डोळा काचबिंदूने केव्हाच नेला होता. सायकलदुरुस्तीचे दुकान आणि उरलेले जग उजव्याच्या भरवशावर चालले होते. त्यातलाही दाब वाढू लागला, म्हणून तर त्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती.

"दाब फारच उतरलाय. मागच्या वेळी बारा होता, आज पाच. टाके तर शाबूत आहेत... डोळा चोळता का?"

"छे! हातसुद्धा लावत नाही."

"हात नाही लावत," बाजूच्या स्टुलावरून त्यांची बायको म्हणाली, "अंगठा लावतात."

"अगं, गप्प बस की!"

"का म्हणून? रोज सकाळी पापणीवर अंगठा दाबतात आणि मला सांगतात, 'आज टणक लागतोय, थोडी सोडायला हवी.' डोळा आहे की टायर?"

डॉक्टरीणबाईंना हसू आले, पण क्षणभरच. "काका, आतलं जादा पाणी झिरपावं म्हणून आम्ही बारीकशी वाट केलीय. तुम्ही दाबलं की तिथून ते भसकन जातं. असंच चाललं तर नजर जाईल. आठवडाभर बघू. दाब नाही चढला, तर पुन्हा ऑपरेशन."

मिस्त्रींचा चेहरा पडला. पंपाचा काटा खोटे बोलेल, अंगठा नाही, असे ते गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आले होते.

घरी येताच बायकोने हँडलला गुंडाळायची पट्टी काढली आणि तो अंगठा बाळंत्यातल्या बाळासारखा गच्च बांधून टाकला.

"मिस्त्री, ठेचला वाटतं?" गिऱ्हाइके विचारत.

"नाही हो, घरच्या सरकारनं अटक केलीय."

दिवस असा थट्टेत जाई. पहाटे मात्र ते मूठ उशीखाली घालून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहत. शेजारून प्रश्न येई, "अहो, किती वाजले?" तिला तिथून घड्याळ स्वच्छ दिसत असे.

"पावणेसहा."

"मग झोपा अजून," ती म्हणे आणि निर्धास्त कूस बदले.

आठवड्याने निळा उजेड पुन्हा टेकला. या खेपेला श्वास दोघांचाही अडला होता.

"अकरा! झकास."

बायकोने तिथल्या तिथे पट्टी सोडली. "सुटलात. पण जामिनावर हं!"

फाटकापाशी कुणाची तरी सायकल स्टँडवर उभी होती. मोकळा अंगठा आपसूक मागच्या टायरवर गेला.

"कमी आहे."

"तो दाबा हवा तेवढा!"

मिस्त्रींनी पेडल फिरवून चाक गरगरते सोडले, वाकले आणि रिमच्या रेषेत नजर धरली. "आउट आहे. केसभर. दिसतंय?"

तिला काहीच दिसत नव्हते. तिने पाहिले ते इतकेच, की नेम धरताना त्यांनी नेहमीसारखा डावा डोळा मिटून घेतला होता. आता त्याची गरज नव्हती, तरीही.