पायांखालचा चौरंग

मी चौरंग बोलतोय. पण लगेच हात जोडू नका, मी पूजेतला नव्हे. माझा एक जोडीदार होता, एकाच शिसवी खोडातला, ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेतल्या एकाच सुताराने घडवलेला. तो गेला देवघरात. त्याच्यावर सत्यनारायण बसला, बायकांनी त्याच्याभोवती रांगोळ्या काढल्या. मी गेलो तात्यासाहेबांच्या पायांखाली. ज्याचं त्याचं नशीब, दुसरं काय!

तात्यासाहेब म्हणजे ग्वाल्हेरचे मोठे सरदार. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर आले आणि इथलेच झाले. जहागीर होती, कोठी होती, मोटारी होत्या. उंची देताना मात्र देवाने हात आखडता घेतला होता. दरबारातल्या खुर्च्या उंच. त्यात तात्यासाहेब बसले की त्यांचे पाय शाळेतल्या पोरासारखे लोंबकळायचे. आता सरदाराचे पाय लोंबकळणं ही काय साधी गोष्ट आहे? त्या घरात या प्रश्नावर जेवढी खलबतं झाली तेवढी कुठल्या दुष्काळावरही झाली नसतील. शेवटी मला करून घेतलं, तेव्हा कुठे घराला झोप लागली.

मला काखेत घेऊन हिंडायचं काम कान्होजीकडे होतं. तात्यासाहेब टेकले न टेकले तोच तो वाकून मला त्यांच्या पायांखाली सरकवायचा, इतक्या सफाईने की शेजारच्या खुर्चीतल्यालाही कळू नये. कान्होजीच्या आजाने तात्यासाहेबांच्या आजोबांसाठी तलवार चालवली होती म्हणे. नातवाच्या वाट्याला मी आलो. पण पठ्ठ्याला त्याचाही कोण अभिमान! रोज तेल लावून मला चमकवायचा. स्वतःच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, तिकडे मात्र तेलाचा थेंब नाही.

मला माणसं पायांवरून कळतात. तात्यासाहेबांचे तळवे लोण्यासारखे मऊ होते. नाराज झाले की अंगठा हलायचा, घाबरले की टाचा थरथरायच्या. हे फक्त मला ठाऊक. मला स्वतःला चार पाय आहेत, पण दुसऱ्याच्या दोन पायांखालून निसटता येत नाही. फार घुसमट होते हो. सांगायची कुणाला?

मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत नावाचं राज्य आलं, दरबार संपले. कोठीत सुतक पडल्यासारखं झालं. मला वाटलं, आता हे लोक मोठ्या चिंतेत असतील. होतेच! चिंता अशी की मंत्र्यांच्या चहापार्टीत सरदारांनी कुठल्या रांगेत बसायचं? चार आचाऱ्यांतला एक कमी केला तर कोल्हापुरी रस्सा कोण करणार? आम्ही लुटलो गेलो, धुळीला मिळालो, असं तात्यासाहेब दिवसभर म्हणायचे. हे म्हणताना पाय माझ्यावर आणि मागून पंखा ढाळायला माणूस.

अशात जहागिऱ्या गेल्या. सरदार जी जमीन खुद्द कसत असेल ती त्याच्याकडे राहील आणि बाकीची कसणाऱ्याला मिळेल, असं ठरलं. मुरारच्या पलीकडे एका खेड्यात तात्यासाहेबांचे सहा बिघे होते. ते कान्होजीचं घर कसायचं. म्हणजे खरं सांगायचं तर त्याची बायको वनमालाबाई कसायची, कारण नवरा इथे मला काखेत घेऊन उभा. तिथला गहू-हरभरा निम्मा कोठीत यायचा, निम्म्यावर तिचं आणि मुलांचं भागायचं. ते सहा बिघे नावावर झाले तर त्या घरात पहिल्यांदा स्वतःचं असं काही येणार होतं.

बाकी सगळं गेलं तरी तात्यासाहेबांना नेमके तेच सहा बिघे हवे होते. का, तर बांधावर गुलाबाची रांग होती. तिथल्या विहिरीच्या पाण्यावरच्या गुलाबाचा गुलकंद खाल्ल्याशिवाय त्यांचं पचन होत नसे. बाजारचा गुलकंद? छे, त्याने छातीत जळजळ होते! म्हणून त्यांनी सांगितलं की ही जमीन आम्ही खुद्द कसतो. ज्यांनी बुटाशिवाय बागेतही पाऊल टाकलं नाही ते!

चौकशीची तारीख लागली. कसणारा म्हणून कान्होजीने स्वतः येऊन सांगायचं होतं. तात्यासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि तीन पिढ्यांच्या मिठाची आठवण करून दिली. रागावले नाहीत, उलट खांद्यावर हात ठेवला. तो हात कान्होजीला भलताच जड झाला.

चौकशीच्या सकाळी वनमालाबाई पोरांना घेऊन खेड्यातून चालत आल्या. कान्होजी नोकरांच्या खोलीबाहेर मला तेल लावत बसला होता. हरभरा टच्च भरलाय, औंदा पाऊसही बरा झाला, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या. तो मान वर करेना. तेव्हा त्याच्या हातातलं फडकं काढून घेत म्हणाल्या, “आम्ही कसतो. दोनच शब्द आहेत. तेवढे बोलून या, मी दुसरं काही मागत नाही.”

तो हो म्हणाला. खरंच म्हणाला, मी ऐकलंय.

कचेरीत तुडुंब गर्दी. साहेब इंदूरकडचा, तरुण, मराठी समजणारा. खुर्च्या सरकारी, लाकडी आणि मेल्या उंच. तात्यासाहेब बसले, कान्होजी वाकला, तोच चपराशाने अडवलं. साहेबही म्हणाला की इथे सगळे सारखे, हे पायाखाली घेणं वगैरे इथे चालायचं नाही. कान्होजीने मला परत काखेत घेतलं. आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा चारचौघांत तात्यासाहेबांचे पाय लोंबकळले.

लोकांनी पाहिलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तात्यासाहेबांनी बुटाचं टोक खाली टेकवायचा प्रयत्न केला, टेकेना. खुर्चीच्या कडेला सरकले, तरी टेकेना. चेहरा ताठ ठेवून ते समोर बघत राहिले. टाचा मात्र थरथरत होत्या आणि त्या थांबवायला खाली मी नव्हतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लोंबकळू देत की जरा, असंच वाटलं.

कान्होजीला मात्र ते बघवेना. त्याने मला काखेत घट्ट आवळलं.

साहेबाने विचारलं, “जमीन कौन जोतता है?”

कान्होजी त्या पायांकडे बघत होता. साहेबाकडे नाही, मालकाच्या तोंडाकडेही नाही.

“डरो मत,” साहेब समजुतीने म्हणाला. “जो सच है वही बोलो.”

“तात्यासाहेब कसतात,” कान्होजी म्हणाला.

तेही दोनच शब्द. साहेबाने आणखी एकदा विचारून पाहिलं, उत्तर तेच आलं. मग कुणाची परवानगी न घेता कान्होजी पुढे झाला, वाकला आणि त्याने मला त्या पायांखाली सरकवलं. साहेबाने मान खाली घालून कागदावर लिहायला घेतलं. तात्यासाहेबांनी दोन्ही पाय माझ्यावर टाकले. एवढा भार माझ्यावर तोवर कधी पडला नव्हता. मी ओरडलो असतो, पण लाकडाला तोंड कुठलं?

सहा बिघे कोठीकडे राहिले. तात्यासाहेब इतके खूश झाले की त्याच संध्याकाळी त्यांनी कान्होजीला बक्षीस दिलं. काय दिलं असेल? मला! मुंबईहून बुटके सोफे यायचेच होते, माझं आता काम नव्हतं. तेवढ्यात औदार्यही झालं.

खोलीच्या दारात वनमालाबाई वाट बघत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे काय आणलंत?”

“बक्षीस,” तो म्हणाला.

त्यांनी पदर खोचला आणि पोरांना भाकरी वाढायला घेतली.

पुढचं ऐकाल तर कपाळाला हात लावाल. वर्षाच्या आतच डॉक्टरांनी तात्यासाहेबांना साखरेचा विकार सांगितला आणि गुलकंद कायमचा बंद केला. मग त्या जमिनीची आठवण कोण काढतो? मध्यभारतही मोडलं, राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे मोठी माणसं गेली. तात्यासाहेब लेकाकडे भोपाळला गेले. जाताना सहा बिघे वीटभट्टीवाल्याला विकून गेले. कान्होजीला सांगायचं राहून गेलं म्हणे.

आता आम्ही हजीऱ्याला, ग्वाल्हेरच्या गिरणीवस्तीत, एका खोलीत असतो. कान्होजी गिरणीच्या फाटकावर चौकीदार आहे. वनमालाबाई लोकांकडचं धान्य निवडून देतात. कधी हरभरा आला तर एक दाणा दातांखाली घेतात आणि म्हणतात, आपला नव्हे.

आणि मी? कान्होजीने मला देवांशेजारी ठेवलंय. दसऱ्याला मला हळदकुंकू लागतं, झेंडू वाहतात. माझा जोडीदार पाहील तर हसून मरेल. आधी पाय होते, आता फुलं आहेत. ओझ्यातून सुटका काही नाही.

परवा थंडी कडाक्याची होती. गिरणीतून आलेल्या कान्होजीच्या टाचांतून रक्त येत होतं. वनमालाबाईंनी कढत पाणी आणलं, पाय शेकले, तेल चोळलं. मग मला ओढून त्याच्यापुढे ठेवलं, वरची फुलं हाताने झटकली आणि म्हणाल्या, “ठेवा पाय.”

त्याने पाय उचलले. मी आशेने वाट बघत राहिलो. पण त्याने ते पोटाशी ओढून घेतले.

“त्यावर तात्यासाहेबांचे पाय असायचे,” तो म्हणाला.

अरे कान्होजी, बाबा, ठेव की रे पाय. एवढी वर्षं मला तेल लावलंस, एकदा तरी तुझ्या टाचा माझ्यावर टेकू देत. तेही होत नसेल तर चुलीत घाल मला. शिसवी आहे, चांगला जळेन, दोघांची एक रात्र उबेत जाईल. पण हे झेंडू नकोत. त्या दिवशी कचेरीत मी तुझ्या काखेतच होतो. मला वाचा असती तर तुझ्याऐवजी मी बोललो असतो. दोनच तर शब्द होते.