विसातले किती अख्खे

लांज्याच्या काजू फॅक्टरीत मी अठरा वर्षं सोलायला बसले. वाळवलेल्या गराची तांबडी साल काढायची आणि गर अख्खा ठेवायचा, एवढंच काम. पण आमच्यात बघून सोलते तिला शिकाऊ म्हणतात. खरी सोलणारी तोंडाने गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढते, डोळे दुसरीच्या नव्या साडीवर, आणि बोटं आपली कामाला. मी तशी होते. उगाच नाही सांगत, विचारा कुणालाही.

मग छातीचा कॅन्सर झाला. मुंबईत ऑपरेशन, केमो, वर लाईट म्हणजे ते रेडिएशन. केस गेले ते परत आले, तेही कुरळे! पण बोटांची टोकं बधिर झाली ती झालीच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वा रे वा! ब्लाऊजचा हूक लावायला सासूला हाक मारायची, आणि म्हणे हळूहळू.

भेटायला येणारा जो तो बिस्किटाचा पुडा आणि कुठल्यातरी मेलेल्या बाईची गोष्ट घेऊन यायचा. "आता जिवाला जप गो, पॅकिंगला बस, नायतर झाडलोट कर." माझा नवरा अमरदीप मुंबईहून फोनवर तेच सांगायचा. मला झाडू नको होता, मला माझी जागा हवी होती.

आमची मुकादमीण मथुराबाई भली बाई. तिने न सोललेला गर घरी पाठवला आणि निरोप दिला, "महिनाभर हात बसव, मग सोमवारी ये. न बघता सोलून विसातले पंधरा अख्खे निघाले तर तुझी जागा तुझी."

रोज दुपारी मी भिंतीकडे तोंड करून वीस सोलायची. बोटांना काही कळत नव्हतं, फुटला काय न् राहिला काय. ताटलीत टाकायचे आणि दमून आडवं व्हायचं. उठल्यावर मी आणि माझी सासू येसूबाई, आमची आये, मोजायचो. पहिल्या दिवशी सहा अख्खे. ढसाढसा रडले मी. मग नऊ झाले, बारा झाले, तिसऱ्या आठवड्यात सोळा! "बग, आला तुजा हात," आये म्हणाली. मी लगेच अमरदीपला फोन लावला आणि म्हटलं, झाडू मारायला दुसरी शोधा.

आणि तो सोमवार उद्यावर आला असताना, सकाळी पोहे खाताना एकदम तोंडाला चव आली. केमोपासून सगळं भुसा लागत होतं. आता कांदा लागला, मीठ लागलं, आणि मधेच काजू. पुढच्या घासाला परत काजू. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर सोडली तर काजू घालतंय कोण? पोहे चिवडून बघितले, तर तुकडेच तुकडे.

"आये, हे कुठले?"

तिने मान वर केली नाही. "तू झोपलीस की मी फुटलेले काढायची नि माजे सोललेले ठेवायची. टाकू कुठं ते तुकडे? जेवणात घालत होते. तुला चव नवती, कळायचं नाय."

असा संताप झाला म्हणून सांगू! ताटली आपटली मी. "मी काय कुकुलं बाळ आहे, आये?"

म्हातारी रडायलाच लागली. "पयल्या दिवशी रडलीस ती बगवली नाय गो मला."

सत्तरीची बाई, वाकड्या बोटांनी माझ्यासाठी काजू सोलत बसली होती. मी तिला भरपूर बोलले, आणि बोलता बोलताच जवळ घेतलं. मग तिला समोर बसवून वीस सोलले. जागची उठले नाही. अकरा अख्खे निघाले. पंधराला चार कमी.

"उद्या बगून सोल," आये हळूच म्हणाली. "कोण बगतंय?"

सोमवारी मथुराबाईने माझ्यापुढे वीस गर ठेवले आणि पाठ फिरवून उगाच डबे लावत बसली. मला कळलं. तीही मला सवलत देत होती. घरीदारी सगळे माझ्यासाठी खोटं बोलायला तयार! प्रेमानेच, पण मला गुदमरल्यासारखं झालं.

"मथुराबाई, इकडे तोंड करा," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांत बघत सोलले. दहा अख्खे. 

"पॅकिंगला बसतेस का?" तिने मायेने विचारलं.

"नाही. नव्या पोरींना शिकायला तीन महिने देता ना? ते मला द्या. त्यांच्या बाकावर बसते."

"अगो, तिथे बघून सोलतात. तू अठरा वर्षं सोलत आलेली..."

"मग बघून सोलेन."

काल-परवा लागलेल्या पोरींनी सरकून जागा दिली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? कान तापले माझे. पण हे तीन महिने मी मागून घेतले होते, कुणी पदरात टाकले नव्हते. पहिला गर चिमटीत धरला, खाली मान घातली, आणि डोळे भरून आले तरी त्याच्यावरून हलू दिले नाहीत.